४४० चौरस फुटांचं पुरं घर, की ९०० चौरस फुटांचा सांगाडा?

भाताची सुगी आटोपली, मळणी झाली की खानापूर, बेळगाव, चंदगड तालुक्यांतल्या गावांत वेशीजवळ विटांचे ढीग दिसू लागतात. खडीचा टिप्पर येतो, ट्रॅक्टरने मुरूम पडतो आणि कुणाच्या तरी घराचा पाया खोदायला सुरुवात होते. त्याच रस्त्याने थोडं पुढे गेलं की दुसरं चित्रही दिसतं. जोता झालेला, भिंती चौकटीच्या डोक्यापर्यंत आलेल्या, वर गंजलेल्या सळया आणि आत वाढलेले एरंड. दोन-तीन पावसाळे खाल्लेल्या विटांवर शेवाळ. मालक जुन्या खोलीत किंवा शहरात भाड्याने राहतो आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता जातो.

पैसा कमी पडला म्हणून घर अडलं, असं अशा घराबद्दल सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. बहुतेक वेळा हातातल्या पैशात एक लहान घर छपरासकट, गिलाव्यासकट पुरं झालं असतं. पण खोदाई आधी झाली आणि हिशोब नंतर. लहान घराचा खर्च वाचतो तो सिमेंट स्वस्त मिळाल्याने नव्हे, कुदळ मारण्याआधी वहीत घातलेल्या दोन-तीन महिन्यांनी.

एक उदाहरण घेऊ. नवरा उद्यमबागेत कामाला, घरात बायको, दोन मुलं आणि आई. भावांच्या वाटणीत ३० बाय ४० फुटांची जागा आलेली. साठवलेले ४ लाख, बँकेकडून ६ लाख मिळण्यासारखे. मनात घर आहे ९०० चौरस फुटांचं, कारण धाकट्या भावाचं तेवढं आहे. बांधकामाचा दर गावागणिक, मालागणिक बदलतो; हिशोबापुरता चौरस फुटाला १८०० रुपये धरला, तर ९०० फुटांना १६ लाख २० हजार लागतात. हातात १० लाख. ‘चालू तर करू, पुढचं पुढं’ म्हणून काम निघतं आणि पाया-भिंती होईपर्यंत पैसा बरा पुरतो. छपराशी येऊन हात आखडतो. घराचा सगळ्यात गरजेचा भाग म्हणजे छप्पर, आणि तोच राहतो.

आता हाच हिशोब उलटा करून बघावा. १० लाखांतले १ लाख कागदपत्रं, पंचायतीचा परवाना, वीज मीटर, पाण्याची सोय आणि शौचालयाच्या खड्ड्यांना. आणखी १ लाख बाजूला, हात न लावता, कारण लोखंडाचा भाव किंवा पायात लागलेला खडक कुणाला विचारून येत नाही. उरले ८ लाख. त्याला १८०० ने भागलं की येतात ४४४ चौरस फूट. या कुटुंबाचं आजचं घर तेवढं. ऐकायला कमी वाटतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट ठरवलेलं आहे. त्या मानाने हे दीडपटीहून मोठं आहे.

कर्जाची मुदतही याच वेळी ठरवावी. ६ लाख रुपये ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ६,०८६ रुपये बसतो आणि एकूण परतफेड जवळपास १० लाख ९५ हजारांची होते. तेच १० वर्षांत फेडलं तर हप्ता ७,६०० आणि परतफेड ९ लाख १२ हजार. महिन्याला दीड हजार जास्त भरून १ लाख ८३ हजार वाचतात. म्हणजे याच दराने आणखी शंभर चौरस फुटांची खोली.

फक्की मारून घरात राहून बघा

४४० चौरस फूट म्हणजे बाहेरून २० बाय २२. वीटकामाची ९ इंची भिंत धरली तर आतून उरतात १८.५ बाय २०.५, म्हणजे ३७९ चौरस फूट. आतल्या साडेचार इंची भिंती वजा जाता ३६०च्या आसपास. जुन्या पद्धतीच्या दोन फुटी मातीच्या भिंती असत्या तर आतल्या भिंती धरायच्या आधीच २८८ फूट राहिले असते. घर मोजताना बाहेरचं माप सांगायची सवय आहे; राहायचं मात्र आतल्या मापात.

या मापात पुढे सोपा ९ बाय १०, शेजारी तेवढीच झोपायची खोली, मागे ९ बाय १०चं स्वयंपाकघर आणि त्याला लागून चार फुटी न्हाणी-शौचालय. उरलेल्या पाच-साडेपाच फुटांत धान्याचे डबे, ट्रंका आणि देवघर. न्हाणी आणि स्वयंपाकघर एकाच भिंतीला असावं, म्हणजे पाण्याची एकच पाइपलाइन, सांडपाणी एकाच बाजूने परड्यात. न्हाणी एका टोकाला आणि मोरी दुसऱ्या टोकाला काढली की पाइप, खोदाई, फरशी फोडणं सगळं दुप्पट. न्हाणीवर सात फुटांवर माळा घातला की वर्षाची लाकडं-भांडी तिथे जातात.

नकाशा कागदावर सगळ्यांनाच छान दिसतो. म्हणून जागेवर चुन्याची फक्की मारून खऱ्या मापात खोल्या आखाव्यात आणि घरातल्या सगळ्यांना तिथे न्यावं. सहा बाय चारची खाट प्रत्यक्ष ठेवून बघावी. दरवाजा तीन फुटांचा. तो आत उघडला की किती जागा खातो, ते सुतळी धरून फिरवून बघावं. रात्री म्हातारी माणसं शौचालयाला जाताना कुणाच्या अंथरुणावरून जाणार, गॅसची शेगडी कुठे, उन्हाळ्यात पश्चिमेचं ऊन कुठल्या भिंतीवर पडतं, हे सगळं फक्कीत उभं राहिल्यावर कळतं. फक्की पुसून पुन्हा मारायला दहा रुपयांचा चुना लागतो. भिंत पाडून पुन्हा बांधायला काय लागतं ते सांगायला नको.

यात एक गोष्ट हमखास राहून जाते. नकाशा काढतात पुरुष आणि स्वयंपाकघरात दिवस काढते ती बाई. ओट्याची उंची तिला उभं करून, तिच्या कोपरापासून चार-सहा बोटं खाली धरून ठरवावी. मेस्त्रीच्या ठरलेल्या मापावर सोडू नये. वास्तू बघणाऱ्यांना बोलवायचं असेल तर तेही फक्कीच्याच दिवशी. पाया भरल्यावर आग्नेय दिशा आठवली की दोन-तीन दिवसांची मजुरी जाते, वर भांडण वेगळंच.

घराचा आकारही पैसा खातो. २० बाय २२च्या घराचा घेर ८४ फूट. तेच ४४० फूट ११ बाय ४०मध्ये बांधले तर घेर १०२ फूट होतो. १८ फूट भिंत जास्त, दहा फूट उंचीने १८० चौरस फूट. ९ इंची भिंतीला दर शंभर फुटांस ९ बाय साडेचार बाय ३च्या हजारेक विटा लागतात. म्हणजे १८००च्या वर विटा, सिमेंट, गिलावा, रंग, आणि आत एक चौरस फूटही जास्त मिळत नाही. जुन्या गल्ल्यांतली लांबट घरं परवडली, कारण दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या अंगाला लागून होत्या. सुट्या जागेत चौकोनी घरच स्वस्त. पुढे काढलेले कोपरे, गोल खिडक्या, नुसत्या शोभेचे खांब हे सगळं याच हिशोबात येतं.

कन्नड कागद, मराठी मालक

घराचं घोडं सगळ्यात जास्त अडतं ते कागदात. बेळगाव भागात शेतजमिनीतले दोन-तीन गुंठे बाँडवर, म्हणजे नुसत्या स्टॅम्प पेपरवर, घेण्याची पद्धत अजून गेलेली नाही. कायदा स्पष्ट आहे: १०० रुपये आणि त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकत घेताना खरेदीदस्त सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावाच लागतो. बाँडवर पैसे दिल्याचा पुरावा होतो, मालकी होत नाही. त्या जागेवर परवाना नाही, बँकेचं कर्ज नाही, आणि विकणारा वारला की त्याची मुलं दारात उभी.

कर्नाटकात शेतजमीन घरासाठी वापरायची तर १९६४च्या भू-महसूल कायद्याच्या कलम ९५खाली बिनशेती करून घ्यावी लागते. ग्रामपंचायत हद्दीत घरजागेचा उतारा ‘ई-स्वत्तू’वरून निघतो. गावठाणातल्या किंवा रीतसर बिनशेती झालेल्या जागेला फॉर्म ९ आणि ११-अ, बाकीच्यांना ११-ब. या एका अक्षराच्या फरकावर बरंच काही ठरतं, कारण ११-बवर कर्ज द्यायला बँका सहसा राजी नसतात. नियमांत अधूनमधून बदल होतात, म्हणून सध्या काय चालतं ते पंचायतीच्या पीडीओला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला, दोघांनाही विचारावं. दोघांची उत्तरं जुळली तर पुढे जावं.

कागद कन्नडमध्ये असतात आणि सही करणाऱ्याला बहुतेक वेळा ते वाचता येत नाहीत. एजंट वाचून दाखवतो तो मथळा आणि रक्कम. वाचायला हवी ती चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, वाट कुठून, आणि जागेचं माप. शाळेत कन्नड शिकलेला घरातला मुलगा किंवा मुलगी असेल तर तिला बरोबर न्यावं आणि ओळ न ओळ वाचून घ्यावी. लाजायचं कारण नाही. दुसरी अडचण नावांची. मराठी नाव कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना बदलतं. उताऱ्यावर ‘ज्योतिबा’, आधारवर ‘जोतिबा’, बँकेत वडिलांच्या नावाशिवाय नुसतं आडनाव. प्रत्येक ठिकाणी माणूस एकच, पण फाइल अडते. ही दुरुस्ती घर ठरलं त्याच महिन्यात सुरू करावी, पाया खोदल्यावर नव्हे. ईसी, म्हणजे बोजा दाखला, काढून जागेवर आधीचं कर्ज आहे का तेही बघावं.

वडिलोपार्जित जागा असेल तर तोंडी वाटणीवर घर बांधू नये. बहिणींच्या सह्या ‘घेऊ नंतर’ म्हणून राहतात. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सही मागताना बहिणीला तिच्या वाट्याचं काय, हे आधी बोलायला हवं. नुसती सही मागायला जाणं बरं दिसत नाही आणि टिकतही नाही.

राज्य बदललं की कागदाचं नाव बदलतं. चंदगड-गडहिंग्लजला सातबारा, बेळगावला आरटीसी, ज्याला लोक पहाणी किंवा उतारा म्हणतात. गोव्यात एक-चौदाचा उतारा आणि बिनशेतीसाठी सनद. इंदूर-ग्वाल्हेरकडे खसरा आणि डायव्हर्शन. वडोदऱ्यात सातबारा आणि एनए हे शब्द आपल्यासारखेच चालतात. नावं कुठलीही असोत, विचारायचं तेच: जागा कुणाच्या नावावर, घर बांधायला मोकळी आहे का, आणि बोजा आहे का.

जागा जुलैत बघावी

प्लॉट बघायला लोक जानेवारीत जातात, तेव्हा सगळीच जागा कोरडी असते. शहरालगतचे बरेच प्लॉट भाताच्या शेतातून निघालेले आहेत. भात पिकतं ते पाणी थांबतं म्हणून. ते शेत प्लॉट झाल्याने पाणी थांबायचं विसरत नाही. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शिवारात दर पावसाळ्यात काय होतं ते वडगाव-शहापूरच्या शेतकऱ्यांना विचारावं. ऑगस्ट २०१९च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यात हजारो घरं पडली, त्यांत मातीच्या भिंतींची फार होती. भिंत वरून भिजून जितकी जात नाही तितकी खालून पाण्यात उभी राहून जाते. तेव्हा पूर्ण पडलेल्या घरांना सरकारने ५ लाखांची मदत जाहीर केली होती, तीही एकरकमी नाही, काम पुढे जाईल तशी हप्त्याने. आवास योजनेचा पैसाही टप्प्यानेच येतो, आणि तिथे घर लाभार्थ्यानेच बांधायचं असतं, ठेकेदार नेमायचा नसतो. हप्त्याने येणाऱ्या पैशात मोठा पाया घातला की पुढचा हप्ता मिळण्याइतकं कामच पुढे सरकत नाही.

म्हणून जोता रस्त्यापेक्षा निदान दोन-अडीच फूट वर घ्यावा. पुढे रस्त्याचं डांबरीकरण होतं तेव्हा रस्ताच वर येतो, तेही धरावं. पायाआधी दोन कोपऱ्यांत चार-चार फुटांचे खड्डे काढून माती बघावी. पश्चिमेकडे तांबडी माती आणि मुरूम लवकर लागतो, तिथे काम सोपं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर बेतलेला उथळ पाया भिंतींना तिरक्या भेगा देतो. मुरूम लागेपर्यंत खोल जावं, आणि नाहीच लागला तर इंजिनिअरला दोन-चार हजार देऊन सल्ला घ्यावा. हा खर्च वाचवण्यासारखा नाही. बेळगाव भूकंपाच्या तिसऱ्या पट्ट्यात धरलं जातं. जोत्यावर आणि चौकटीच्या वर चारी भिंतींना बांधणारी काँक्रीटची पट्टी घातली तर भिंती एकमेकींना धरून राहतात.

छपराबाबत गावोगावी एकच हट्ट आहे, स्लॅब. कणकुंबी-जांबोटीकडे स्लॅब घालून दोन वर्षांनी त्यावर लोखंडी सांगाडा आणि पत्रे चढवलेली घरं रांगेने दिसतात, कारण स्लॅब गळतो. म्हणजे छपराचे पैसे दोनदा. ४४० फुटांच्या पाच इंची स्लॅबला सुमारे ५.२ घनमीटर काँक्रीट, त्यात बेचाळीसेक पोती सिमेंट, वर सळई आणि सेंट्रिंग. वर मजला चढवायचा पक्का विचार आणि पैसा असेल, पायाही तसाच घातला असेल, तर तो खर्च बरोबर. नसेल तर चौकोनी पाइपचा सांगाडा आणि उतरतं कौल किंवा पत्रा हेच पावसाच्या मुलखात शहाणपणाचं. खानापूरची माती कौलासाठी आणि कुंभारकामासाठी ओळखली जाते. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. त्याच तालुक्यात कौलारू घर म्हणजे गरिबी असं वाटू लागावं, हे जरा विचित्रच.

वळचण चारी बाजूंनी दोन फूट बाहेर हवी. तसं छप्पर २४ बाय २६चं, म्हणजे ५८ चौरस मीटरचं होतं. १०० मिलिमीटर पावसात त्यावरून ५,८०० लिटर पाणी खाली येतं, आणि जुलैत कणकुंबी-आमगावकडे एका दिवसात एवढा पाऊस नवलाचा नाही. ते पाणी पन्हळीने टाकीत किंवा चरात न्यायचं की जोत्याच्या मुळाशी सोडायचं, हेही नकाशातच ठरतं. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान १० मीटर दूर, आणि उताराच्या खालच्या अंगाला.

मेस्त्रीशी बोलणी

मजुरीवर काम द्यायचं की मालासकट, यावर ज्याचं त्याचं मत. मजुरीवर दिलं तर माल आणायची कटकट मालकाची, पण मालावर नजर राहते. भांडण होतं ते मापावरून. दर चौरस फुटाला, पण फूट कुठले? वळचण धरायची का? पुढचा कट्टा, टाकी, जिना, खड्डे आत की बाहेर? एका साध्या कागदावर हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पैसे कामाच्या टप्प्यावर द्यावेत आणि शेवटचे दहा टक्के पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत राखावेत. चांगला मेस्त्री याला नाही म्हणत नाही.

दिवसांचं गणितही लिहावं. पाया जानेवारीत, भिंती फेब्रुवारी-मार्चमध्ये, एप्रिलच्या मध्यापर्यंत छप्पर, मे महिन्यात गिलावा. मृग ७ जूनच्या सुमारास निघतो, पण वळीव एप्रिलपासूनच गाठतो. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारायला हवं, मिश्र सिमेंट असेल तर दहा. म्हणून कामाआधी पाण्याची आणि तात्पुरत्या विजेची सोय. एप्रिलमध्ये टँकर विकत घेऊन पाणी मारणं फार महाग पडतं.

राहिलेल्या ४६० फुटांची हौसही आजच नकाशात लिहून ठेवावी. परड्याकडच्या अंगाला पुढे दहा फूट वाढवायचे असतील तर मागच्या भिंतीतली एक खिडकी दरवाज्याच्या रुंदीची ठेवावी आणि वरची पट्टी दरवाज्याच्या उंचीवर घ्यावी. पाच वर्षांनी खिडकीखालचा तेवढाच भाग काढला की दार तयार, भिंतीला धक्का नाही. त्या बाजूला शौचालयाचा खड्डा किंवा टाकी आणू नये, नाहीतर वाढवायची जागाच बंद. गिलाव्याआधी भिंतीत पुरलेल्या वायरी आणि पाइपचे फोटो टेप लावून काढावेत, आणि ते मोबाइलमध्येच न ठेवता प्रिंट काढून घराच्या उताऱ्याबरोबर फाइलला लावावेत. मोबाइल दोन वर्षांत बदलतो.